मागची खोली

आमच्या मावशीला एकच खोड. कुणी चुकीचं बोललं की तिला राहवायचंच नाही. दुरुस्त केल्याशिवाय घास घशाखाली उतरायचा नाही.

एका मोठ्या शेतघरात जन्मली ती, गोठ्यात. तिची आई थोरल्या मालकांकडे मोलकरीण. थोरले मालक असे उलट्या काळजाचे, की गाय व्यायली तर या मायलेकींना अंगणात काढायचे. वासराला जागा हवी ना! ते गेले, जावई मालक झाले. त्यांच्या बैलाने मावशीचा पाय तुडवून कायमचा अधू केला. त्याची भरपाई म्हणून जावईबापूंनी घरामागे खोली बांधून दिली. "मरेपर्यंत तुझी," म्हणाले. पुढे घर एका डॉक्टरांनी विकत घेतलं. तेही हेच म्हणाले. डॉक्टर वारले आणि घर एका संस्थेकडे गेलं. थोरल्या मालकांच्या काळात होतं तस्सं जपायचं आणि लोकांना दाखवायचं, असं ठरलं.

संस्थेचे साहेब भिंती ठोकत फिरले. मागच्या खोलीपाशी म्हणाले, "हे जुनं कोठार दिसतंय. राहू दे."

गप्प बसावं ना बाईने! छे. "काहीतरीच काय साहेब! कोठार कसलं? थोरल्या मालकांच्या वेळी इथे उकिरडा होता. ही खोली जावईबापूंनी बांधली, माझ्यासाठी. विटा मी स्वतः वाहिल्या, लंगडत."

साहेबांनी आभार मानले. मग हिने हौसेने गोठ्यातला आपला कोपराही दाखवला.

आठवडाभरात खोली पाडली. मावशी एक ट्रंक आणि काठी घेऊन आमच्याकडे आली. "अगं, पण ते कोठार नव्हतंच ना," हाच घोषा. मला साहेबांचा राग आला, आणि तिचा त्याहून जास्त.

घर लोकांसाठी उघडलं तेव्हा हट्टाने मला घेऊन गेली. रांगेत उभी राहिली. दारावरच्या नव्या माणसाने तिला ओळखलंसुद्धा नाही. गोठ्यात, तिच्याच कोपऱ्यात, पेंढ्यावर माणसाएवढी बाहुली झोपवली होती. वर पाटी, 'मोलकरीण'. मावशी वाकून बघत राहिली. आता रडते की काय, म्हणून मी तिचा दंड धरला.

"ही उशी कुठून आली?" ती तिथल्या माणसाला म्हणाली. "आम्हाला उशी नव्हती."

त्याने लगेच उशी काढून घेतली. मावशीच्या जिवाला केवढं बरं वाटलं!