महादेवाचा नैवेद्य आणि अनुदानाची अट

दिनकररावांनी हौस म्हणून नशा कधी केली नाही. त्यांना सुपारीनेसुद्धा चक्कर यायची. पण ग्वाल्हेरच्या ज्या मूकबधिर शाळेची कोठी ते सांभाळत, तिच्या आवारातल्या महादेवाला शिवरात्रीला भांगेचा नैवेद्य दाखवायचा मान त्यांच्या घराण्याचा. पणजोबा फौजेत होते तेव्हापासूनचा. मानात आवडनिवड चालत नाही. वर्षातून एकदा तेही घोटभर प्रसाद घेत आणि दुपारभर घोरत.

यंदा शाळेला सरकारी अनुदान मंजूर झालं आणि त्याच्या शेपटाला अट आली. कामाच्या जागी नशेचा पदार्थ आणायचा नाही, वाटायचा नाही, घ्यायचा नाही. आणणाऱ्याची नोकरी जाईल, शाळेचं अनुदानही जाईल. मुख्याध्यापिका शामलाबाईंनी सगळ्यांकडून शपथ घेववली. दिनकररावांनी ती सर्वांत मोठ्या आवाजात घेतली. शिवरात्र तोंडावर आली तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाई, प्रसाद नशेत धरायचा का हो?" त्यांनी विचारलं.

शामलाबाई गोंधळल्या. "तसं अटीत काही खुलासा नाही. तुम्हीच बघून घ्या ना, दिनकरराव."

म्हणजे निस्तरायचं यांनी! ते तडक भांगेच्या दुकानी गेले आणि तिथेही तोच प्रश्न टाकला. दुकानदार हसला. "बाबूजी, ये ठेका भी तो सरकार का ही दिया हुआ है. सरकार को क्या एतराज?"

दिनकरराव पार चक्रावले. विकायला परवानगी देणारंही सरकार आणि आणाल तर घरी बसवीन म्हणणारंही सरकार. महादेवाला विचारावं तर तो बोलत नाही. पुडी न घेताच ते निघाले आणि पाटणकर बाजारातून नुसते बदाम, बडीशेप घेऊन घरी आले.

शिवरात्रीला त्यांनी दार लावून वाटण केलं. बायको उषाताईंनाही सिलबट्ट्याजवळ येऊ दिलं नाही. हिरवा रंग यावा म्हणून विड्याची पानं वाटून घातली. देवापुढे लोटी ठेवून डोळे गच्च मिटले. माफी मागावी की नुसता नमस्कार करावा, तेही त्यांना सुचेना. मग मोठ्या माणसांना प्रसाद वाटला.

थोड्या वेळाने चित्रकलेचे गुरुप्रसाद मास्तर फिदीफिदी हसू लागले. खांबाला मिठी मारून म्हणाले, "दिनकरराव, यंदा गजबची चढली हं! बिल्कुल जमीन फिरतेय."

शामलाबाईंचा चेहरा पडला. दुपारी अनुदानवाले शाळा बघायला यायचे होते. सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "खरं सांगा, यात भांग आहे?"

हो म्हणावं तर शाळा बुडते, आणि ते खोटंही. नाही म्हणावं तर पणजोबांपासूनचा मान आपल्याच तोंडाने बुडवायचा.

"नाही बाई. बदाम आहेत नुसते."

बाईंच्या जिवात जीव आला. गुरुप्रसाद मास्तरांची खाडकन उतरली, खांब सोडून ते ओशाळून सरळ उभे राहिले. "छान केलंत," बाई म्हणाल्या आणि तयारीला लागल्या.

उषाताई मात्र हातातला पेला तसाच धरून उभ्या होत्या. त्यांनी एकदा पिंडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "यंदा देव उपाशीच राहिला?"