उरलेली एक कॅसेट

जालन्याहून टेंभुर्णीची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या पिशवीत टेपरेकॉर्डर होता आणि चार नवे सेल. नलिनीला जाऊन अकरा महिने झाले होते.

टेलिफोन आणि संगणक आल्यावर खेड्यांत काय बदललं, याचा अभ्यास आमच्या विद्यापीठातल्या चार विभागांनी मिळून काढला होता. माझी बायको नलिनी समाजशास्त्राची. मुलाखती ती घ्यायची. मी मराठी विभागातला. कॅसेट ऐकून उत्तरं तक्त्यात उतरवायचं काम माझं. अर्थशास्त्राला आकडे हवे होते, संगणक विभागाला प्रत्येक उत्तराचा एक अंक. प्रश्न छापलेलेच होते, म्हणून ते उतरवायचे नव्हते. उतरवलेली कॅसेट पुसून पुढच्या गावाला वापरायची, असा काटकसरीचा नियम. पुसायचोही मीच. गावामागून गाव मी तिचा आवाज पुसत गेलो. एकच कॅसेट वाचली होती. टेंभुर्णीच्या कौसाबाईंनी ती हट्टानं मागितली होती, स्वतःचं बोलणं ऐकायला; उतरवून झाल्यावर आम्ही दोघं ती देऊन आलो होतो.

राजूरला चतुर्थीची गर्दी. गाडी तासभर हलेना. शेजारच्या म्हाताऱ्यानं चौकशी केली.

"एक कॅसेट आणायला चाललोय," मी म्हणालो.

"कॅसेट? जालन्यात काय दुकानं बंद पडले का, गुरुजी?" तो हसला आणि प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी वेचणाऱ्या बायका दिसत राहिल्या. खोबरं मुठीतच राहिलं.

कौसाबाईंचं घर बुद्धविहारामागं. मुलगा पुण्याला कंपनीत; दर रविवारी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर त्याचा फोन येतो.

"या गुरुजी. बाई न्हाई आल्या?"

मी सांगितलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या. बऱ्याच वेळानं उठून त्यांनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढलं. जेवण झाल्यावर मी कॅसेटचं विचारलं.

"ती तर पोराला धाडली! फोनवर बोलू लागलं की बूथवाला घड्याळाकडं बघून राह्यतो. मंग त्या कॅसेटवरच बोलले, दोन्ही बाजू भरून. बाईच म्हनल्या होत्या, मावशी, ऐकून झालं की त्यावरच खुशाल बोला."

मी टेपरेकॉर्डर पिशवीत परत ठेवला.

"एक मातर ध्यानात हाय," त्या म्हणाल्या. "समदं विचारून झालं, कागद मिटला, अन् म्हनल्या..." त्यांनी मान किंचित कलती केली. "'मावशी, फोन ठेवल्यावर तुम्ही काय करता हो?'"

तो शेवटचा 'हो' नलिनीचा होता. जरासा लांबवलेला, खांद्यावर हात ठेवल्यासारखा.

हा प्रश्न मी कॅसेटवर ऐकला होता. त्याला तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून त्याचं उत्तरही लिहिलं नव्हतं.

"काय सांगितलंत तुम्ही?"

"काय सांगनार? म्हनलं, बसते तिथंच. बूथवाला ऊठ म्हनंस्तोवर."

"बाईंचं ते पुन्हा एकदा म्हणा ना."

त्यांनी म्हटलं. या वेळी तो कौसाबाईंचाच आवाज होता. तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबल्या. "आता न्हाई जमत, गुरुजी."

परतीची गाडी जवळजवळ रिकामी होती. अहवाल आता छापून आला आहे. टेंभुर्णीच्या ओळीतले सगळे अंक बरोबर आहेत, मीच तपासले.

त्या संध्याकाळी घरी पोचलो, पिशवी खाली ठेवली आणि दाराशीच बसलो. मला ऊठ म्हणणारं कुणी नव्हतं.