तासाभराचा मंगळ

सेलूच्या पंचफुला भोयरचं लग्न मंगळामुळे अडलंय, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मंगळ आकाशात कुठे असतो, कसा दिसतो, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षांची होईपर्यंत तिलाही नव्हतं.

तिचे वडील किसनराव सरकी काढायच्या जिनात कापूस तोलायचे. घर जिनाच्या भिंतीला लागूनच. १९४३ सालच्या कोजागिरीला सकाळी पंचफुला जन्मली, तेव्हा सुईणीनं आतून हाक दिली आणि किसनराव धावत जिनाच्या ऑफिसच्या खिडकीशी गेले. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात सव्वासात वाजले होते. एका पावतीच्या पाठीमागे पेन्सिलीनं त्यांनी वेळ लिहून ठेवली. त्या काळी आमच्याकडे पोरीच्या जन्माची वेळ कोण लिहून ठेवत होतं? किसनरावांना त्याचा पुढे कितीतरी दिवस अभिमान होता.

पोरगी दहा वर्षांची झाल्यावर ते ती पावती घेऊन अण्णाजी जोशांकडे गेले. अण्णाजी लबाड नव्हते. गणित चोख, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी त्या सालचं जुनं पंचांग काढलं. त्या दिवशीचा सूर्योदय सहा वाजून नऊ मिनिटांचा. म्हणजे सूर्य उगवून तास उलटल्यावर पोरगी झाली. त्यावरून तूळ लग्न आलं. मंगळ त्या महिन्यात वृषभ राशीत होता. तुळेपासून मोजलं की वृषभ येते आठवी.

"आठवा मंगळ आहे, किसनराव," अण्णाजी म्हणाले. "मुलीच्या पत्रिकेत आठवं घर सौभाग्याचं. मंगळाचाच मुलगा बघावा लागेल."

तेव्हा कोणी फार मनावर घेतलं नाही. पाच वर्षांनी स्थळं येऊ लागली तेव्हा कळलं. पहिली दोन स्थळं पत्रिका बघूनच परत गेली. तिसरं हिंगणघाटकडचं, मुलगा दवाखान्यात कंपाउंडर. त्याच्या आईला पंचफुला इतकी आवडली की तिनं पत्रिकेआधीच खण देऊन ओटी भरली. आठ दिवसांनी एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप आला, की मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. महिनाभरात त्याचं लग्न झालं.

त्यानंतर चुलत बहिणीच्या लग्नात पंचफुला हळदीच्या ताटाला हात लावायला गेली, तर तिच्या आईनंच, रुख्माबाईनं, सगळ्यांसमोर तिचा हात बाजूला सारला. "तू राहू दे," एवढंच म्हणाली. पंचफुलाची धाकटी बहीण विमला पुढे झाली आणि तिनं हळद लावली. पंचफुला भिंतीला टेकून हसऱ्या चेहऱ्यानं उभी राहिली. तो चेहरा सांभाळताना तिचे गाल दुखून आले होते, असं तिनं मागाहून सांगितलं.

त्या वर्षी शाळेत संध्याकाळी बायांसाठी साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. शिकवायला प्रेमदास गुरुजी होते. मूळचे नालवाडीचे, दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध झालेले. त्यामुळे वर्गात बाया थोड्याच यायच्या. चौथी पास झालेल्या पंचफुलाला साक्षर व्हायचं नव्हतं. तिला घरातून तासभर बाहेर पडायचं होतं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. कंदिलातलं तेल संपलं म्हणून गुरुजींनी सगळ्यांना शाळेच्या अंगणात आणलं. नुकताच अंधार पडलेला. त्यांनी वर बोट करून सांगायला सुरुवात केली: तारे सूर्यासारखे स्वतः जळतात, फार लांब आहेत म्हणून लुकलुकतात. ग्रह जवळचे, सूर्याचा उजेड घेऊन चमकतात, त्यांचा उजेड स्थिर असतो. तारे आपसातली जागा सोडत नाहीत, ग्रह सोडतात.

"गुरुजी, मंगळ कोणता?" पंचफुलानं विचारलं.

गुरुजींनी पूर्वेकडे दाखवलं. जिनाच्या छपरावर कृत्तिकेचा बारका पुंजका वर आला होता. त्याच्या खाली एक तांबूस, स्थिर ठिपका.

ती बराच वेळ बघत राहिली. "हाच व्हय? एवढासा?"

"एवढासा दिसतो. पृथ्वीच्या निम्म्याएवढा आहे. दगडमातीचा. माती गंजल्यासारखी लाल, म्हणून रंग तसा."

"अन् तो माह्या घरात आठवा कसा बसला?"

गुरुजींना हसू आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते आवरलं.

त्या दिवसापासून पंचफुला रोज दिवेलागणीनंतर अंगणात उभी राहून मंगळ बघू लागली. हात लांब करून कृत्तिकेपासून किती बोटं लांब आहे ते मोजायची. दिवाळीआधी कृत्तिकेच्या खाली असलेला मंगळ कार्तिक संपता संपता तिच्या वर, म्हणजे पश्चिमेकडे सरकला. ग्रह ताऱ्यांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात असं गुरुजींनी सांगितलं होतं, आणि हा तर उलटा चालला होता. तिनं विचारलं.

"याला वक्री म्हणतात," गुरुजी म्हणाले. "तू मोटरीनं वर्धेला जातेस. मोटर बैलगाडीला मागे टाकते तेव्हा लांबच्या झाडांपुढे ती गाडी मागे मागे जाताना दिसते की नाही? गाडी तर पुढेच चाललेली असते. आपली पृथ्वी ही मोटर. मंगळ ती गाडी."

"म्हंजे तो काई करतच नाई. आपणच पुढं जातो."

"बरोबर. त्याला तुझं नावही माहीत नाही, पंचफुला."

मग एकदा तिनं पेटीतून पत्रिका काढून पदराखाली लपवून आणली. गुरुजींनी ती हातात घ्यायला खळखळ केली. आपण हे मानत नाही, आपल्याला यात ओढू नको, म्हणाले. पण मांडणी तेवढी समजावून दिली. काडीनं जमिनीवर चौकट काढली. आकाशाच्या पट्ट्याचे बारा भाग, त्या बारा राशी. पृथ्वी फिरते म्हणून त्या एकामागून एक पूर्वेला उगवतात. साधारण दोन तासाला एक. जन्माच्या क्षणी जी रास पूर्वेला उगवत असते तिला लग्न म्हणतात. ते पहिलं घर. तिच्यानंतर जी उगवणार, जी अजून जमिनीखाली आहे, ते दुसरं. जी आधीच उगवून वर आली आहे, ते बारावं.

पंचफुलानं पत्रिकेवर बोट ठेवलं. "हा रवी बाराव्या घरात हाये. म्हंजे मी झाली तेव्हा सूर्य वर चढला होता?"

"तासभर तरी."

ती घरी गेली. रुख्माबाई चुलीपुढे भाकरी करत होती.

"माय, मी झाली तेव्हा दिवस किती वर आलता?"

"काऊन वं?"

"सांग ना."

"वर कुठचा? तांबडं फुटून दिवस निघूनच राह्यला होता. ऊन दारातून आडवं आलं अन् पार मागच्या भिंतीवर पडलं. सुईण म्हणे, सूर्यनारायण अन् पोरगी संगंच आले."

पंचफुला तशीच मागे वळली आणि धावत शाळेत आली. वर्ग सुटला होता. गुरुजी दाराला कुलूप लावत होते. तिनं सांगितलेलं ऐकून ते पायरीवर बसले.

"एक तर तुझी आई चुकते, नाही तर घड्याळ," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "साल त्रेचाळीस ना?" आणि कपाळाला हात लावला. लढाईच्या त्या दिवसांत ते वर्धा स्टेशनावर हमाली करायचे. सरकारनं सगळ्या देशातली घड्याळं तासभर पुढे केली होती. तीन वर्षं तशीच चालली. हमाल अंधारात कामावर येऊन सरकारला शिव्या द्यायचे. पंचांगातली वेळ मात्र जुनीच होती; जिनाच्या घड्याळातले सव्वासात म्हणजे खरे सव्वासहा. सूर्य उगवून सहा मिनिटं झालेली. सूर्य ज्या राशीत, तीच रास पूर्वेला. कन्या. कन्येपासून वृषभ मोजली तर नववी येते, आणि नवव्या घरातल्या मंगळाचा दोष धरत नाहीत.

"तुला मंगळ नाहीच," गुरुजी म्हणाले. मग स्वतःवरच वैतागले. "पण मी हे कशाला सांगतोय? असता तरी काय झालं असतं? सगळं खोटंच आहे हे."

"खोटं हाये हे मले समजते, गुरुजी," ती म्हणाली. "पण त्यांच्या खोट्यातही मी बसत नाई. तरी मलेच बसवलं."

दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन अण्णाजींकडे गेली. किसनरावांना घड्याळ पुढे केल्याचं लगेच आठवलं. जिनातली हजेरी तेव्हा तासभर आधी लागायची. अण्णाजींनी पंचांग काढलं, पाटीवर आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. पाटी खाली ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"प्रेमदास गुरुजींनी घड्याळाचं सांगतलं. बाकी मीच पाह्यलं."

अण्णाजी किसनरावांकडे वळले. "त्या तीन वर्षांत जन्मलेल्या साठ-सत्तर मुलांच्या पत्रिका मी केल्या आहेत. त्यांवर लग्नं जमली, मोडली. आता मी काय दारोदार जाऊन सांगू? आणि हिची एकटीची बदलली, तर लोक म्हणतील, जोशाला हाताशी धरून पोरीचा मंगळ लपवला."

"पण तो नाईच ना, अण्णाजी," पंचफुला म्हणाली.

"मोठी माणसं बोलताहेत," अण्णाजी म्हणाले. किसनरावांनीही तिला डोळ्यांनी गप्प केलं.

चार दिवसांत गोष्ट बाजारात गेली, ती वेगळीच होऊन. बौद्ध मास्तरानं भोयराच्या पोरीचा मंगळ काढून टाकला म्हणे. पोरगी रोज अंधारात त्याच्याजवळ उभी राहते म्हणे. किसनरावांनी तिचा वर्ग बंद केला. कोणीतरी वर अर्ज केला आणि संक्रांतीच्या आत गुरुजींच्या बदलीचा कागद आला, आर्वीच्या पलीकडे कुठेतरी. जायच्या दिवशी ते जिनासमोरून गेले. पंचफुला दारात होती. त्यांनी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिलाच त्रास झाला असता, हे तिला समजत होतं. तरी त्यांचा राग आला.

फाल्गुनात जाम गावचं स्थळ आलं. चंद्रभान, वय अडतीस, नाक्यावर चहाचं दुकान. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. पत्रिकेत कडक मंगळ. मंगळाला मंगळ जुळला म्हणून रुख्माबाईनं देवाला साखर ठेवली.

साखरपुड्याआधी पंचफुला एकटीच अण्णाजींच्या ओट्यावर गेली.

"अण्णाजी, तुमच्या शास्त्रात मंगळ नसलेली पोरगी मंगळवाल्याले देते का?"

त्यांनी पोथीतून डोकं वर काढलं नाही. "देऊ नये."

"मग सांगा ना माह्या बाले. तुमचं तो ऐकते."

"आता ठरलं आहे, बाळ," अण्णाजी म्हणाले. "मुलगा वाईट नाही. सगळं नीट होईल."

वैशाखात लग्न लागलं. मंगलाष्टकं अण्णाजींनीच म्हटली. आवाज खणखणीत, एक अक्षर चुकलं नाही.

चंद्रभान खरोखरच वाईट नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता. पहाटे पाचला भट्टी पेटवायची, ट्रकवाल्यांना चहा-भजी द्यायची, रात्री भांडी घासून पडायचं. तो तिच्याशी फारसं बोलत नसे. पहिलीशी फार बोलायचा, असं शेजारणीनं तिला सांगितलं. कधी त्याला खोकला झाला की सासू पंचफुलाकडे एकटक बघत राही. तेवढं बघणं पुरे होई.

दिवाळीत किसनराव तिला माहेरी न्यायला आले. बाकड्यावर बसले. तिनं त्यांच्यासमोर चहा ठेवला. ते खुशीत होते.

"विमलाचं जमलं," म्हणाले. "तुले सांगू, त्याच हिंगणघाटच्या कंपाउंडरचा धाकटा भाऊ. शिकेल हाये. पत्रिकेचीच भीती होती. विमलाही लढाईतलीच ना, पंचेचाळीसची. पण अण्णाजींनी यावेळी आठवणीनं तास वजा केला. निर्मळ पत्रिका निघाली."

पंचफुला उभीच होती. "यावेळी," ती म्हणाली.

किसनरावांनी उचललेली कपबशी खाली ठेवली. आपण काय बोलून गेलो ते त्यांना आत्ता कळलं असावं. "मले काय समजते, बाई, त्यातलं," ते पुटपुटले. "अण्णाजी म्हणाले, आता कोणाले सांगायचं नाई. अन् तुह्यं तर झालंच होतं."

"विमलाले माहीत हाये?"

"नाई."

"सांगू नोका." मग ती म्हणाली, "वर्धेची मोटर साडेचारले येते. चहा प्या अन् निघा. मले येनं जमत नाई."

"अवं, दिवाळी हाये. माय वाट पाहते."

"दुकानात गर्दी हाये, बाबा."

दुकानात तेव्हा एकच माणूस बसला होता आणि तो पेपर वाचत होता. किसनराव साडेचारच्या मोटरीनं गेले. विमलाच्या लग्नाला जामहून चंद्रभान एकटा आला. नवरीसाठी पातळ घेऊन आला होता. बायको का नाही आली असं ज्यानं त्यानं विचारलं, त्याला तो सांगत राहिला, की तिला बरं नव्हतं.