आपल्या माणसाला समजतं

रायर नव्या माणसाला नाव नंतर विचारायचे, आधी गाव विचारायचे. "ऊर कोणता?" ऊर म्हणजे तमिळमध्ये गाव. समोरचा तिरुनेलवेली म्हणाला की रायर चष्मा कपाळावर चढवायचे आणि निकाल द्यायचे, "म्हणजे भांडशील, पण खोटं बोलणार नाहीस." सेलमचा असला तर, "काम करशील, बोलणार नाहीस." कोइंबतूरच्याला, "तीन वर्षांत नोकरी सोडशील आणि स्वतःचं काहीतरी काढशील." मैलापूरचं कुणी असलं तर नुसतं हसून म्हणायचे, "तुला काय शिकवायचं? तू बोलतच जन्माला आलास." सिरुसेरीच्या आमच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर हा खेळ रोज चालायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचे, हे आधीच कबूल करून टाकते.

त्यांचं खरं नाव लांबलचक होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. कधीकाळी भोसल्यांबरोबर तंजावरला उतरलेल्या आणि तिथलेच होऊन गेलेल्या मराठी घरांतल्या पुरुषांना तमिळ लोक रायर म्हणतात, तसे तेही रायर. कुंभकोणमचे. आमच्या दीडशे माणसांच्या विभागाचे प्रमुख. कपाळावर अंगाऱ्याची बारीक रेघ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि एसीची भीती असल्यामुळे गळ्यात बारा महिने मफलर.

मला त्यांनी ऊर विचारला तेव्हा मी चेन्नईत येऊन चार महिने झाले होते आणि फोन सोडला तर मराठी कानावर पडली नव्हती. मी म्हटलं, "वसमत." त्यांना कळेना. "हिंगोली जिल्हा. महाराष्ट्रात, मराठवाड्यात." रायर खुर्चीतून उठले. "अगो, तूं आमची माणूस! मग इंग्रजींत काय बोलतेस?" मी वॉशरूममध्ये जाऊन रडून आले. गंमत म्हणजे त्या दिवशी माझ्या गावावरून त्यांनी काहीच निकाल दिला नाही. मला वाटलं, आपण घरच्या, आपल्याला हा खेळ लागू नाही. माझ्या मूर्खपणाची सुरुवात तिथून झाली.

त्यांची मराठी बखरीतून उठून थेट कँटीनमध्ये आल्यासारखी होती. "मज कॉफी पाहिजे," "अवघें काम जाहलें का?" आणि हे सगळं तमिळ हेलात. मला हसू आवरायचं नाही. त्यावर ते म्हणायचे, "हसतेस? शुद्ध मराठी आम्हीं राखली. तुम्हीं तिकडे हिंदी कालवून नासवलीत." हे सांगताना दर दुसऱ्या वाक्यात 'परवाइल्लै' म्हणजे 'असू दे', आणि 'सरी' म्हणजे 'बरं' यायचं, त्याची शुद्धी कोण करणार! मला ते अम्मा म्हणत. तिकडे लेकीबाळींना तसंच म्हणतात.

माणूस मायाळू होता, हे मी आजही नाकारणार नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एका जर्मन ग्राहकाची अख्ख्या दिवसाची माहिती पुसली गेली. माझी पाचावर धारण बसली. ग्राहकाचा फोन आला तेव्हा रायरांनी स्पीकर चालू केला आणि शांतपणे सांगितलं, "चूक माझी. मी तपासायला हवं होतं." फोन ठेवल्यावर दार लावून मला अर्धा तास तमिळमध्ये झाडलं. मला त्यातलं निम्मंच कळलं. मग स्वतःच्या टंबलरमधली अर्धी कॉफी डबऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत ओतून माझ्यापुढे सरकवली. "पी. उद्यां नवी चूक कर, हीच परत करूं नको." त्या दिवसानंतर त्यांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर किती खोल आहे, एवढंच मी विचारलं असतं.

रविवारी मी त्यांच्या तांबरमच्या घरी जेवायला जायचे. त्यांच्या पत्नीला सगळे मामी म्हणत, मीही म्हणे. मामी मोजकं बोलायच्या आणि भरपूर वाढायच्या. उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पचडी मी तिथं पहिल्यांदा खाल्ली, आणि ती खाताखाताच एकदा माझ्या नोकरीची गोष्ट सांगितली. नांदेडला कॅम्पस मुलाखती होत्या. माझा नंबर सगळ्यांत शेवटचा. मुलाखत घेणाऱ्यांना गाडी पकडायची होती, म्हणून त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि नेमका तोच प्रश्न माझ्या आधी नापास झालेल्या मैत्रिणीनं बाहेर व्हरांड्यात मला सांगितला होता. "बाकी काही विचारलं असतं ना रायर, तर मी आज वसमतला शिकवण्या घेत असते. नशीब, दुसरं काय!"

रायर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "आतां माझी ऐक." तेही पहिल्या मुलाखतीत नापास झाले होते. पण इथल्याच, चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या त्या ऑफिसात त्यांच्या आत्याचे यजमान मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी शब्द टाकला, आठवड्याभरात दुसरी मुलाखत झाली आणि रायर चिकटले. मामी म्हणाल्या, "हें कोणास सांगत नाहींत हो. तुजच सांगितलें." मला त्या दिवशी केवढा मान वाटला होता!

पाचव्या वर्षी म्युनिकची जागा निघाली. दोन वर्षं त्याच जर्मन ग्राहकाच्या ऑफिसात बसायचं, इथल्या टीमचं तिथं प्रमुख व्हायचं. त्या ग्राहकाचं काम चार वर्षं मीच ओढत होते. रायरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "नांव तुझेंच दिलें आहे. पेटी भर." मी ते घरी कळवलं, आणि हीच चूक नडली, कारण माझे वडील गुपित ठेवणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी संध्याकाळच्या आत गल्लीत पेढे वाटले. आमच्या गल्लीतून जर्मनीला तर सोडाच, पुण्यालाही फारसं कुणी गेलेलं नव्हतं. मी थंडीचा कोट शोधत चेन्नईभर हिंडले. दुकानदार विचारायचे, "उटीला चाललात का?"

यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव नव्हतं. वैष्णवीचं होतं. ती मैलापूरची, माझ्याहून दोन वर्षांनी आलेली, हुशार मुलगी. तिचा यात काही दोष नव्हता. रायर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वरून आलें, अम्मा. माझ्या हातांत नव्हतें." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मीच त्यांना समजावलं. "जाऊ द्या हो रायर. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ आहे." वडिलांना सांगितलं, व्हिसाची अडचण आली. ते बरेच दिवस शेजाऱ्यांना व्हिसाची अडचण समजावून सांगत होते. नंतर त्यांनी तो विषयच सोडला, आणि ते मला जास्त लागलं.

यानंतर आठ महिन्यांनी रायरांची निवृत्ती जवळ आली. त्यांच्या सगळ्या फायली नव्या प्रमुखाकडे सोपवायच्या, जुन्या वेगळ्या काढायच्या, याद्या करायच्या, असं किचकट काम होतं. त्यांनी विश्वासानं ते मला दिलं. "तुजवांचून कोण करणार?" मी तीन दिवस तेच करत होते, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी म्युनिकच्या शिफारशींचे फॉर्म उघडले. माझ्या नावाचा फॉर्म इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर असा: 'अत्यंत कष्टाळू. मागास भागातून आलेली, भाषेचा संकोच. कॅम्पसमधली निवड योगायोगानं झाली, असं स्वतःच सांगते. मागच्या फळीत उत्तम काम करील. ग्राहकासमोर बसवू नये.' खाली रायरांची सही. वरून काहीही आलं नव्हतं. जे गेलं ते इथून गेलं होतं.

केसानं गळा कापला म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. नाकारलं याचं दुःख असतं, पण ते सोसता येतं. मी ज्या ताटावर बसून माझी गोष्ट सांगितली, त्याच ताटावरून ती उचलून त्यांनी फॉर्मवर वाढली होती. आणि पाच वर्षं मी ज्या खेळाला टाळ्या देत होते, तो खेळ नव्हताच. सेलमवाला खरंच कधी मीटिंगला नेला जात नव्हता. तिरुनेलवेलीवाल्याला खरंच तक्रारींच्या कामावर टाकलं होतं. माझ्या गावाचा निकालही लागलेला होता, फक्त मला ऐकवला नव्हता.

मी लॅपटॉप उचलून त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. पहिलं वाक्य काय बोलावं त्यांनी? "हें अजून येथें आहे का?"

मग ते म्हणाले, "यांत खोटें काय लिहिलें आहे, सांग."

"खोटं काही नाही. पण हे मी तुम्हाला जेवताना सांगितलं होतं." मी म्हटलं. "आणि तुम्ही मला म्हणालात, वरून आलं."

रायरांनी मफलर सारखा केला. "वैष्णवीस नाहीं म्हटलें असतें तर ती भांडली असती. दहा ठिकाणीं लिहिलें असतें. तूं आमची माणूस. आपल्या माणसाला समजतें." मग अगदी मायेनं म्हणाले, "आणि तूं गेलीस तर येथलें अवघें कोण पाहणार होतें, अम्मा?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी लॅपटॉप घेऊन जागेवर आले आणि, आता सांगायला लाज वाटते, उरलेली यादी पूर्ण केली.

निरोपाचा समारंभ पुढच्या शुक्रवारी दुपारी तळमजल्याच्या मोठ्या हॉलमध्ये झाला. दोनशे माणसं असतील. मामी पट्टूची, म्हणजे रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. रायर इंग्रजीत फार छान बोलले. "मी कुंभकोणमहून एक ट्रंक घेऊन या शहरात आलो. मी इथं कुणालाच ओळखत नव्हतो. नशीब वगैरे काही नसतं मुलांनो, ती आळशी माणसाची भाषा. काम करणारे असतात आणि न करणारे असतात." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली नवी पोरं तर वहीत लिहून घेत होती. मग एचआरच्या मुलीनं माईकवर माझं नाव पुकारलं. "जयश्री, तू सरांच्या भाषेत बोल ना! सरांना आवडेल."

मी काहीही ठरवून गेले नव्हते. माईक हातात आला आणि मी मराठीत बोलू लागले.

"रायर, तुम्ही इथं कुणाला ओळखत नव्हता हे खरं नाही. आत्याचे यजमान होते. पहिल्या मुलाखतीत तुम्ही नापास झालात, त्यांनी शब्द टाकला म्हणून दुसरी झाली. मला त्याचा राग नाही. मला घाईत असलेली माणसं भेटली, तुम्हाला घरचं माणूस भेटलं. पुढचं काम तुम्हीही केलंत, मीही केलं. पण माझं नशीब तुम्ही फॉर्मवर लिहिलंत आणि स्वतःचं झाकून ठेवलंत. मी भांडणार नाही म्हणून माझं काढून घेतलंत. माझे वडील अजून लोकांना तोंड देतात. तुम्ही मला आमची म्हणालात, म्हणून मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. परक्यानं केलं असतं तर मी विसरले असते."

आवाज भरून आला तसा हॉल हळवा झाला. पोरं मोबाइलवर मला टिपत होती. हॉलमध्ये मराठी कळणारी माणसं तीनच, मी, रायर आणि मामी. मामींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"सो स्वीट!" एचआरची मुलगी म्हणाली. "सर, आम्हाला भाषांतर करून सांगा ना!"

रायर उठले. माईक त्यांनी दोन्ही हातांनी धरला. क्षणभर मला खरंच वाटलं, आता हा माणूस सांगेल. सगळं नाही, निदान आत्याच्या यजमानांपुरतं तरी सांगेल. पहिल्या रांगेतली पोरं वही उघडून बसली होती, त्यांच्यासाठी तरी सांगेल.

"ती म्हणते," रायर इंग्रजीत म्हणाले, "की या परक्या शहरात मी तिला वडिलांच्या जागी होतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. अख्खा हॉल उठून टाळ्या वाजवू लागला. मामी तेवढ्या बसून राहिल्या.