फेसमास्तरांचे पाणी

शनिवार, ९ मार्च १९९१. सकाळपासून उकाडा. धुणे लवकर वाळले. दुपारी मैदानावर सराव. नंतर यांनी मुलांसाठी दहा मिनिटे फेस सोडला. चिमणी नखशिखान्त पांढरी होऊन घरी आली. केस धुवायला साबण लागलाच नाही.

ही नोंद मास्तरांच्या बायकोच्या वहीतली. विमानतळाच्या कुंपणाला लागून अग्निशमन दलाचे सरावाचे मैदान होते आणि मास्तर तिथले मुख्य प्रशिक्षक. दर शनिवारी खड्ड्यातले तेल पेटवायचे आणि होजमधून फेस मारून ते मिनिटभरात विझवायचे, हे काम त्यांनी एकोणतीस वर्षे केले. सगळी वसाहत त्यांना फेसमास्तर म्हणे आणि त्यांनाही ते गोड वाटे. "पाणी काय, कोणीही मारतं," ते नव्या जवानांना ऐकवायचे, "फेस मारायला हात लागतो, हात!"

उरलेला फेस वाया घालवणे मास्तरांच्या जिवावर यायचे. म्हणून वसाहतीतली पोरे रांगेत उभी करून ते त्यांच्यावर होज धरत. रांगेत सगळ्यांत पुढे त्यांची एकुलती एक चिमणी. कॅनच्या तळाशी राहिलेले फेसाचे रसायन ते घरी आणत. त्याने जिना लख्ख निघे, गालिचे नव्यासारखे होत. ते पाणी अंगणातून वाहत बोअरवेलपाशी जिरे, आणि त्या बोअरचे पाणी सगळी वसाहत पिई.

मास्तर निवृत्त झाल्यावर तिसऱ्या वर्षी सरकारी माणसे बाटल्या घेऊन आली, नमुने घेऊन गेली आणि महिन्याभराने बोअरला सील ठोकले. सभागृहात लोकांना बोलावून एका तरुण अधिकाऱ्याने समजावून सांगितले, "ही रसायनं कारखान्यांनी सत्तर वर्षं जगभर बनवली. तव्यांवर, रेनकोटांवर, तुमच्या फेसात. ती कुजत नाहीत, विरत नाहीत, अंगात साठून अपाय करतात. ध्रुवावरच्या अस्वलांच्या रक्तातसुद्धा सापडली आहेत."

"अस्वलावर मी काही फेस मारला नव्हता," मास्तर म्हणाले. लोक हसले.

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "आमच्या पोरांवर मारला होता ना, मास्तर." मग कोणी हसले नाही.

चिमणीला तेव्हा सातवा महिना होता. नवरा जहाजावर नोकरीला, म्हणून ती आईवडिलांकडेच राहायची. तिच्या रक्तातल्या त्या रसायनांचा अहवाल आला: ब्याण्णव. इतर वस्त्यांतल्या माणसांत हाच आकडा पाच-सहाच्या घरात होता.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर स्कूटरला दोन कॅन बांधून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, धरणाच्या नळावर जाऊ लागले. एक दिवसही खाडा नाही. पिण्याला तेच पाणी, भाताला तेच, बाळ झाल्यावर त्याच्या अंघोळीलाही तेच. बायको म्हणायची, "अहो, गुडघे बघा जरा स्वतःचे." मास्तर ऐकतील तर शपथ!

बाळ आठ महिन्यांचे झाले तेव्हा पुन्हा तपासणी झाली. अहवाल घ्यायला चौघेही दवाखान्यात गेले. नर्सने कागद वाचला, "ताई, तुमचा आकडा सत्तर."

मास्तर खुर्चीवरून उठलेच. "सत्तर! बघ गं, माझ्या कॅनांनी काम केलं! वहीत लिहून ठेव, आज फेसमास्तरने आग विझवली."

नर्स हसली नाही. तिच्या हातात दुसराही कागद होता. "मास्तर, पाण्याने थोडंफार झालं असेल. पण हे अंगातून जायला वर्षं लागतात. इतक्यात एवढं उतरलं, कारण ते दुधातून गेलं."

"गेलं म्हणजे? कुठे गेलं?"

नर्सने चिमणीच्या मांडीवरच्या बाळाकडे पाहिले. बाळाचा आकडा होता एकशे अठरा.

"मग पाजायचं बंद करू?" चिमणीने विचारले.

"डॉक्टर म्हणतात, आईच्या दुधाचे फायदेही मोठे आहेत. तुम्हीच ठरवायचं."

"फायदा किती आणि हे किती, ते कोण मोजून देणार?"

"कोणीच नाही, ताई."

घरी येताना त्यांनी दुधाच्या पावडरीचा डबा घेतला. दारात पाऊल टाकताच बाळाने भुकेने टाहो फोडला. चिमणी पलंगावर बसली, तिने कुडत्याचे वरचे बटण काढले आणि हात तिथेच थांबला.

"बाबा, तुम्ही सांगा. पाजू की नको?"

वारा बघ, मागे हट, खाली मार! पेटलेल्या तेलासमोर मास्तरांचा हुकूम कधी अडला नव्हता. ते स्वयंपाकघरात गेले आणि कॅन उचलून बाहेर आणू लागले.

"पाणी आणतो," ते म्हणाले.

"अहो, भरलेलेच आहेत ते!" बायको म्हणाली.

मास्तरांनी दोन्ही कॅन अंगणात उपडे केले, पाणी जमिनीत जिरेपर्यंत उभे राहिले, मग रिकामे कॅन स्कूटरला बांधून निघून गेले. आत बाळ रडून रडून निळे पडू लागले, तेव्हा चिमणीने भिंतीकडे तोंड करून त्याला छातीशी घेतले.

त्या संध्याकाळी बायकोने वहीत लिहिले: पावडरीचा डबा आणला. उघडला नाही. कपाटात डावीकडे, वरच्या फळीवर ठेवला आहे.