पूरग्रस्तांचं सहर्ष स्वागत!

पुरात माणसं आणायला गेलेली बोट रिकामी परत आणवण्याचा मान आमच्या घराण्यात फक्त माझ्याकडे आहे.

त्या वर्षी सांगलीकडची माझी सासुरवाडी पाण्यात होती, मोबाईल मुके झाले होते. मदत पथकाच्या जगतापांनी पाण्याच्या अलीकडच्या गावात शाळेच्या गच्चीवर सुटकेसएवढं रेडिओ स्टेशन मांडलं. एक यंत्र, एक माइक, बांबूला बांधलेली एरियल आणि एक जुनी बॅटरी. आवाज जेमतेम पलीकडच्या गावापर्यंत जाणार, पण हवं होतं तेवढंच. तिथं घरोघर छोटे रेडिओ आधीच वाटले होते. माझ्या सासूबाई आणि मेहुणाही स्लॅबवर रेडिओ कानाला लावून बसले होते.

मी मलकापूरचा, लग्नांत माइक धरणारा. (कऱ्हाड तालुक्यात माझ्या आवाजाशिवाय अक्षता पडत नाहीत, असं मीच सगळ्यांना सांगतो!) त्यामुळं बोलायला मीच पुढं झालो.

"पावणं, येवढंच सांगा," जगताप म्हणाले. "काल बोट देवळाकडं लागली, पर आता तिथं पाण्याला लय ओढ हाय. बोट आज डेअरीच्या गच्चीला लागंल, समद्यांनी तिथं या. बॅटरी थोडकीच हाय बगा."

"आवं, हयात गेली माइकवर!"

माइक हातात आला आणि माझ्या अंगात लग्न संचारलं. "सर्व पूरग्रस्त बंधू-भगिनींचं सहर्ष स्वागत!" मग सरपंच. मग माजी सरपंच. सोसायटीचे चेअरमन, तालमीचे वस्ताद, भजनी मंडळ. (सगळे त्याच गावात, स्लॅबवर भिजत बसलेले!) आमच्याकडं स्वागतात एक नाव राहिलं तर माणूस न जेवता उठतो, म्हणून मी कुणालाच सोडलं नाही. जगताप हातवारे करत होते. मुहूर्त टळायला लागला की वधूपिताही असेच करतो. मी कधी तिकडं बघत नाही.

"आता मूळ मुद्द्याकडं वळतो," मी म्हणालो, आणि यंत्राचा दिवा विझला.

थोड्या वेळानं बोट परत आली. रिकामी!

"डेअरीवर चिटपाखरू न्हाई," बोटवाला म्हणाला. "समदी देवळाकडं उभी ऱ्हायल्यात. तिकडं बोट घातली तर आमीच व्हावून जाऊ! अंधार पडायच्या आत एकच फेरी हुईल."

माझ्याबरोबर आलेली माझी बायको सुनंदा मला शिव्या देईल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझी आई हाय तिथं." भर पुरात मला तोंड लपवायला जागा सापडेना. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

जगतापांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. माइक सुनंदानं घेतला. मला बांबू धरायला लावलं. "आई, दादा, समद्यांनी डेअरीच्या गच्चीवर या. बोट तिथंच येती. देवळाकडं थांबू नगा." संपलं! स्वागत नाही, आभार नाहीत. तेच तिनं परत परत सांगितलं.

दिवेलागणीला बोट भरून आली. सासूबाईंना उतरताना बघून माझा जीव भांड्यात पडला. मी वाकून पाया पडलो.

"जावईबापू," त्या कुडकुडत म्हणाल्या, "रेडिओवर साऱ्या गावाचं नाव घेतलंसा. माझंच तेवढं ऱ्हायलं व्हय?"

खरंच राहिलं होतं! आणि मलकापुराहून मी धावत आलो होतो, ते त्यांच्याचसाठी.

लग्नांत माइक अजून मीच धरतो. फक्त आता सुनंदा बरोबर येते आणि स्विचपाशी खुर्ची टाकून बसते.