चेन तुटलेली बॅग

नालवाडीतल्या आमच्या लेआऊटचं, म्हणजे वसाहतीचं, नाटक दरवर्षी मीच बसवते. शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, मी शेजाऱ्यांना छळते. थंडीत ओपन स्पेसमध्ये सतरंज्या पडतात, आणि ठरलेली माणसं ठरलेल्या जागी बसून ठरलेलं हसतात.

गेल्या वेळी मात्र मला नाटकातून एक काम साधायचं होतं. आमच्या मागच्या खोलीत दहा वर्षांपासून एक नेपाळी जोडपं भाड्याने राहतं, त्यांना एक लेक आहे. कोपऱ्यावर त्यांची चाऊमीनची गाडी आहे. नवऱ्याने कतारला मजुरीला जायचं ठरवून पासपोर्ट एजंटकडे देऊन टाकला होता. चौकात तशाच आणखी चार गाड्या लागल्या होत्या, धंदा पडला होता हे खरंच. पण तेवढंच नव्हतं.

"आमच्या गावात घरटी एक माणूस बाहेर आहे, काकू," तो म्हणायचा. "जो नाई गेला, त्याले लोक इचारते, काऊन नाई गेला म्हणून."

कमाई बाहेरूनच येते, घर म्हणजे ती पाठवायचं ठिकाण, हे तो इतक्या सहज सांगायचा की मला राग यायचा. आमचीही पोरं पुण्याला जातात आणि त्याचे पेढे मीही वाटलेत, हे मी सोयीने विसरत असे. पण गाडी टाकण्याआधी बांधकामावर मुकादमाच्या हाताखाली काम करताना एकदा पडून त्याची कंबर गेली होती. त्यात त्याच्या गावचा एक जण वर्षभरापूर्वी कतारहून खोक्यातून परत आला. ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. त्याची बायको मात्र या विषयावर अवाक्षर काढत नसे. मान खाली घालून कोबी चिरत राही.

कचहरी नाटक मला त्यानेच सांगितलं होतं. त्यांच्याकडे गावातले लोक चावडीवर बसावे तसे गोल बसतात. पात्र अडचणीत सापडलं की नाटक थांबवतात. ज्याला वाटेल त्याने उठून पात्राच्या खांद्यावर हात ठेवायचा. मग ते पात्र खाली बसतं आणि उठलेला माणूस त्याच्या जागी पुढचं करतो. मी मनात म्हटलं, हे झकास आहे. माझं एकटीचं ऐकत नाही, तर अख्ख्या लेआऊटचं ऐकेल. माझा हेतू काही फार निर्मळ नव्हता, कबूल करते.

नाटक त्याच्यावरच लिहिलं. परदेशी निघालेला माणूस तो, आणि त्याची बायको मी, कारण खरी बायको "मले लाज वाटते" म्हणून बाजूला झाली. बॅग माझ्याच माळ्यावरची होती. तिची चेन तुटलेली, म्हणून सुतळीने बांधली.

त्या संध्याकाळी त्याने बॅग उचलली तिथे मी नाटक थांबवलं आणि लोकांना विचारलं, यानं आता काय करावं? एक निवृत्त कारकून उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि स्वावलंबनावर भाषण ठोकून खाली बसले. दुसऱ्याने त्याच्या जागी येऊन चाऊमीनची गाडी सेवाग्रामला दवाखान्यासमोर लावल्याचं करून पाहिलं. आमचा भाडेकरू मात्र दरवेळी उठून पुन्हा बॅग हातात घेत होता. मी हिरमुसले.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून त्याची बायको उठली. पदर खोचला, सरळ येऊन नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो बसला. तिने बॅग उचलली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

नियमाप्रमाणे मी आता तिची बायको होते. पण मी सगळं विसरले. "अगं, तू कुठं निघालीस?" मी विचारलं. लोक हसले.

"कतारले," ती म्हणाली. "तिथं म्हाताऱ्या माणसाचं कराले बाया पाह्यजे. मले सैपाक येते, दुखणं-खुपणं करता येते. याईची कंबर गेली, हे विटा कशा वाह्यतीन?"

"आणि पोरगी?"

"पोरगी राहीन बापापाशी. मी गेली तं हे जिते राहतीन, काकू. हे गेले तं मी सांगू शकत नाई."

कोणी हसलं नाही. तो खाली बसून सतरंजीचा दोरा ओढत होता. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. यंदाचं नाटक जमलं, असं कारकूनसाहेब मला येऊन सांगून गेले. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. एकाला अडवायला निघाले होते, आणि दुसरीला सगळ्यांसमोर बोलायला जागा करून दिली होती. तिला अडवायचं कोणत्या तोंडाने?

बॅग परत आली नाही. मी आठ दिवस वाट पाहिली. राहिली असेल विसरून, असं स्वतःला समजावत होते. शेवटी मागच्या खोलीवर गेले. तो दारात बसून लेकीची वेणी घालत होता. पेड सुटत होते, तो पुन्हा पहिल्यापासून धरत होता, आणि पोरगी कंटाळून वर बघत होती.

तिने आतून बॅग आणून माझ्यासमोर ठेवली. सुतळी काढलेली, आणि नवी कोरी चेन. तिने ती एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून दाखवली.

"बसवून आणली, काकू," ती म्हणाली. "दोन वर्षांनं वापस केली तं चालते ना?"

चालते, असं मी म्हणाले.